सायरनच्या आतली नोकरी

बारावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागात दोन गोष्टी एकदम उगवतात. एक पावसाची हिरवळ, आणि दुसऱ्या ‘पॅरामेडिकल’ संस्थांच्या पाट्या. ‘सहा महिन्यांत ईएमटी व्हा, जीव वाचवा, नोकरीची शंभर टक्के हमी!’ पाटीवर गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवलेला एक गोरागोमटा तरुण हसत उभा असतो. त्याच्या मागे नवीकोरी अँब्युलन्स, तिच्यावर निळा दिवा. त्या चित्रात सगळे असते, फक्त रुग्ण नसतो. माझे भांडण नेमके त्या चित्राशी आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. १०८ नंबर फिरवला की जी गाडी येते, तिच्यात रुग्णाजवळ बसणारा प्रशिक्षित माणूस. गाडी चालवणाऱ्याला तिथे पायलट म्हणतात. हा धंदा वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे म्हणणे उलट आहे. हा धंदा इतका मोलाचा आहे की तो खोटे बोलून विकणे हा गुन्हा मानला पाहिजे. आणि तो गुन्हा संस्थावाले एकटे करत नाहीत. आईबाप, सरकार आणि शाल-श्रीफळ घेऊन फिरणारी आपली मंडळे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

मी बोलते ते कोणत्या अधिकाराने, हे वाचकांनी विचारले तर ते रास्त आहे. सीमाभागातल्या एका सरकारी इस्पितळात मी ३१ वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली १९ वर्षे कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते. कर्नाटकात १०८ची सेवा २००८ साली आली. त्याआधी रुग्ण आमच्या दारात यायचा तो टेंपोच्या हौद्यात, वडापच्या जीपमध्ये चौघांच्या मांडीवर, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरवरून. मणका मोडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलून आणलेले मी पाहिले आहे. मोडलेला मणका तसा उचलला की पाय कायमचे जाऊ शकतात, हे आणणाऱ्यांना कोणी कधी सांगितलेलेच नसायचे. १०८ आल्यावर हे चित्र पालटले. मानेला पट्टा, नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन आणि हातात कागद असा रुग्ण दारात येऊ लागला. त्या मुलामुलींचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या वतीने बोलावेसे वाटते ते म्हणूनच.

आता पहिले खोटे बघा. ‘रोज जीव वाचवाल.’

बारा तासांच्या एका पाळीत प्रत्यक्षात काय होते? गाडी पुसायची. ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे. औषधांच्या तारखा बघायच्या. मग वाट बघायची. कधी पेट्रोल पंपाच्या आडोशाला, कधी पोलीस ठाण्याच्या आवारात, कधी नुसत्या झाडाखाली. कॉल येतो तेव्हा तो बहुधा कळा सुरू झालेल्या गरोदर बाईचा असतो, कारण देशभर १०८च्या कॉलमध्ये सर्वांत मोठा गट गरोदर बायकांचा आहे. पोटदुखी, ताप, दारू पिऊन पडलेला, सासू-सुनेच्या भांडणात कीटकनाशक प्यालेली, मोटारसायकलवरून घसरलेला, तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला पाठवलेला. आजींना तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणायचे, कारण जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. आणि प्रत्येक रुग्णामागे फॉर्म. वेळ, नाडी, रक्तदाब, काय दिले, कोणाच्या ताब्यात दिले, सही. या कामात पाठ, पाय आणि पेन यांना विश्रांती नसते.

आणि जिथे खरोखर जीव टांगलेला असतो, तिथे काय होते? हृदय अचानक बंद पडले तर पहिली काही मिनिटेच हातात असतात. कोणी छाती दाबायला घेतली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा इस्पितळाबाहेर हृदय बंद पडलेल्या १० माणसांतले जेमतेम १ जिवंत घरी परत जाते. तेही जिथे रस्ते सरळ आहेत आणि रस्त्यावरच्या पुष्कळ लोकांना छाती दाबायला येते तिथे. मग कणकुंबीच्या बाजूला, जांबोटीच्या पलीकडे, भीमगडच्या जंगलात, जिथे पावसाळ्यात रुग्णाला आधी माणसांच्या खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे काय होत असेल?

हिशोब आणखी पुढे करा. आपल्याकडच्या साध्या १०८ गाडीत माणसे दोनच. एक चालवणार, मागे एक. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० वेळा दाबून दोनदा श्वास द्यायचा. हे काम करणाऱ्याने दर दोन मिनिटांनी बदलावे असा नियम आहे, कारण त्यानंतर हात थकतात आणि दाब उथळ होतो. घाटातून तासाभराचा रस्ता आहे आणि मागे एकटा पोरगा आहे. तो कोणाशी बदलणार? त्याच्या कमरेला पट्टा नाही, कारण पट्टा बांधून छाती दाबता येत नाही. गाडी वळणाला झुकली की तो भिंतीवर आपटतो आणि पुन्हा उभा राहतो. इस्पितळात पोचल्यावर डॉक्टर नाडी बघतात, डोळ्यांत बॅटरी मारतात आणि मान हलवतात. नातेवाईक त्या पोराचा शर्ट धरतात, “गाडी उशिरा का आणलीस?”

असा पोरगा पाटीवर छापत नाहीत.

पण ज्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले, की बाबा रे, तू दहांतल्या नऊ वेळा हरणार आहेस आणि तरीही हात थांबवायचा नाही, तो टिकतो. ज्याला सांगितले की तू रोज देव होणार आहेस, तो सहा महिन्यांत मोडतो. मी अशी मुले इस्पितळाच्या मागच्या पायरीवर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्यात धैर्य होते. त्यांची तयारी कोणी करून घेतली नव्हती.

दुसरे खोटे, ‘डॉक्टरसारखेच काम.’

डॉक्टरसारखे काम नाही. ते वेगळे काम आहे आणि त्याची त्याला लाज वाटायचे कारण नाही. ईएमटीने काय द्यायचे आणि काय नाही याची चौकट ठरलेली असते. त्या चौकटीबाहेर जायचे तर नियंत्रण केंद्रातल्या डॉक्टरांना फोनवर विचारायचे आणि विचारले ते लिहून ठेवायचे. हुशारी दाखवायला तिथे जागा कमी, शिस्तीला जास्त. रक्त वाहते आहे ते दाबून धर, श्वासनलिका मोकळी ठेव, कुशीवर वळव, मोडलेला पाय फळीला बांध, साप चावलेल्याचे कापाकापी आणि चोखाचोखी करणारे हात बाजूला कर, आणि योग्य इस्पितळात ने. ‘योग्य’ या शब्दात निम्मे शहाणपण आहे. जवळच्या दवाखान्यात सर्जन नसेल तर तिथे थांबून गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

यातच आपल्या सीमाभागाची एक खास गोम आहे, आणि ती पाटीवाले कधी सांगत नाहीत. १०८ हा आकडा सगळीकडे एकच असला तरी नोकरी एक नाही. ही सेवा हैदराबादला २००५ साली सुरू झाली आणि राज्याराज्याने ती आपापल्या पद्धतीने घेतली. कर्नाटकात आणि गोव्यात २००८ पासून गाडीत ईएमटी बसतो; आमच्याकडे तो बहुधा नर्सिंग झालेला असतो. महाराष्ट्राने २०१४ साली सेवा सुरू केली ती गाडीत डॉक्टर बसवून. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांवर आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर मोठ्या संख्येने लागले. याचा अर्थ आपल्या मुलांच्या दृष्टीने काय? बेळगावात ईएमटीचा डिप्लोमा करून ‘उद्या चंदगडला, कोल्हापूरला आपल्या माणसांत नोकरी करीन’ असे जो म्हणतो, त्याच्या डिप्लोम्याची जागा पलीकडच्या गाडीत मुळात आखलेलीच नाही. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, सावंतवाडीच्या माणसाला बांबोळी जवळ. रुग्ण सीमा ओलांडून सर्रास जातात. प्रमाणपत्र मात्र नाक्यावर अडते. फी भरण्याआधी हे मुलाला सांगणे कोणाचे काम होते?

तिसरे खोटे सर्वांत गोड आहे. ‘सरकारी नोकरी.’

खानापूरकडचे एक गृहस्थ मला म्हणाले, “सिस्टर, पोराला १०८मध्ये चिकटवा की. गाडीवर सरकारचं चित्र आहे, म्हणजे सरकारीच की हो.” गाडीवर चित्र सरकारचे असते, हे खरे. पण या सेवेची वर्षानुवर्षांची रीत अशी की सरकार निविदा काढते आणि कोणीतरी संस्था किंवा कंपनी ती चालवायला घेते. करार संपला की नवा येतो, कधी सरकारच म्हणते आता आम्ही स्वतः चालवू. या अदलाबदलीत गाड्या एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात सुखरूप जातात, कारण गाड्यांची यादी असते. माणसांच्या नोकरीची वर्षे मात्र पुष्कळदा वाटेत सांडतात. गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक राज्यांत १०८च्या कर्मचाऱ्यांना थकलेल्या पगारासाठी संपाची नोटीस द्यावी लागली आहे. दुसऱ्याच्या घरी मध्यरात्री वेळेवर पोचणाऱ्याच्या घरी पगार वेळेवर पोचत नाही.

म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे, पगाराचा आकडा विचारू नका, तो शेवटी विचारा. आधी हे विचारा. पगार कोणत्या तारखेला होतो? प्रॉव्हिडंट फंड कापतात तो भरतात का? पाळी बारा तासांची की आठ, आणि जादा तासांचे काय? आठवड्याची सुटी खरी की कागदावरची? गाडीला अपघात झाला तर मागे बसलेल्याचा विमा आहे का? कावीळ-ब ची लस, तिचे तिन्ही डोस, नोकरी देणारा देतो का? दहा वर्षांनी हा मुलगा कोण असेल? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असे मी पाहिले आहे. बाविसाव्या वर्षी जो ईएमटी असतो तो चाळिसाव्या वर्षीही ईएमटीच असतो. फक्त कंबर तेवढी वेगळी असते. या धंद्याला शिडी नाही, आणि शिडी नाही हे आधी कळले तर माणूस दुसरी सोय करून ठेवतो. नर्सिंग पूर्ण करतो, पदवी घेतो, प्रशिक्षक होतो, नियंत्रण केंद्रात जातो.

पदवीवरून आठवले. सहा महिन्यांचा कागद आणि तीन वर्षांचे शिक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञानाची विद्यापीठाची पदवी आता मिळते, तिच्यापुढे इस्पितळातली उमेदवारीही असते. २०२१ साली संसदेने वैद्यकाला संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत या व्यवसायाचे नाव घातले. याचा अर्थ पुढेमागे नोंदणी होणार, आणि नोंदणी आली की बिनमान्यतेच्या कागदाची किंमत रद्दीइतकी होणार. तेव्हा संस्थेच्या दारात पहिला प्रश्न हा, की तुमचा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा कोणत्या मंडळाचा? दुसरा प्रश्न, मुलगा कोणत्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत किती दिवस उभा राहणार? उत्तरादाखल तुम्हाला वातानुकूलित वर्ग दाखवू लागले तर चहा पिऊन घरी या. आणि ‘दुबईला पाठवू, इंग्लंडला पाठवू’ असे कोणी म्हणाले तर चहाही पिऊ नका. त्या देशांत पॅरामेडिक व्हायला तिथला परवाना, तिथली परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी पदवी लागते. सहा महिन्यांच्या कागदावर तिथे कोणी रुग्णाला हात लावू देत नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू.

आपल्याकडे या धंद्याकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, देव म्हणायचे. दोन, हमाल म्हणायचे. २०२० साली आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या बडवल्या. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणी घरमालकांनी दवाखान्यांत राबणाऱ्यांना खोल्या खाली करायला सांगितल्या, आणि त्यांच्यावरचे हल्ले थांबवायला सरकारला एप्रिल २०२०मध्ये अध्यादेश काढावा लागला. देव आणि हमाल या दोघांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही पगार विचारायची आपल्याला गरज वाटत नाही.

मुलीचे तर विचारूच नका. मुलगी ईएमटी झाली की ‘रात्रपाळी आहे का हो?’ हा प्रश्न आधी पाहुणे विचारतात. ज्यांच्या सुनेचे बाळंतपण रात्री अडीचला रस्त्याच्या कडेला अशाच एका मुलीने सुखरूप केले, त्याच घरची माणसे रात्रपाळीवाली सून नको म्हणतात. बाळंतपणाच्या वेळी गाडीत बाई असावी आणि लग्नाच्या वेळी ती बाई दुसऱ्या कोणाची असावी, असा हा आपला व्यवहार आहे. मला तो खपत नाही. ज्या मुलीला या कामाची ओढ आहे तिला घरच्यांनी सांभाळून घेतले पाहिजे. पाळी संपवून आलेल्या माणसाला झोपू दिले पाहिजे. ती गप्प बसली तर ‘काय झालं’ असे दहा वेळा न विचारता तिच्याजवळ बसले पाहिजे. लहान मुलाचा मृतदेह उचलून आलेला माणूस घरी येऊन लगेच जेवत नाही. हे नोकरीच्या जाहिरातीत नसते, पण ते नोकरीतच असते. कुटुंबाने ते नोकरीचा भाग म्हणूनच धरावे.

आता जे लिहिणार आहे ते काही वाचकांना रुचणार नाही. सोनाराने कान टोचावेत म्हणतात. मी सोनार नाही, पण सुई टोचण्यात जन्म गेला आहे.

सीमाप्रश्न माझ्या घरात तीन पिढ्या आहे. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे आणि न्याय मिळावा ही माझी इच्छा कोणाहून कमी नाही. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांना आपली जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले, त्यावरून दोन राज्यांत किती तोंडातोंडी झाली तेही आपण वाचले. पण माझ्या कॅज्युअल्टीत येणारा माणूस खटल्याचा निकाल हातात घेऊन येत नव्हता. तो यायचा छाती धरून. कोणी म्हणायचे ‘उरात कळ मारतीया’, कोणी म्हणायचे ‘एदे नोवु’, कोणी नुसते ‘सुस्तु’ म्हणून डोळे मिटायचे. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हृदयविकारात कधीकधी छातीत दुखतच नाही. तो फक्त ‘गळाल्यासारखं वाटतंय’ असे म्हणतो, आपल्या भाषेत म्हणतो. तो शब्द ज्याला कळला त्याने अर्धे निदान केले. ज्याला कळला नाही, तो आम्लपित्ताची गोळी देऊन मोकळा झाला.

म्हणून माझे दुहेरी म्हणणे आहे. आमच्या पोरांनी या धंद्यात यायचे असेल तर कन्नड चांगली शिकावी. नोकरीपुरती, भरती परीक्षेपुरती घोकलेली नको. म्हाताऱ्याच्या तोंडचे बोबडे बोल कळतील एवढी शिकावी. त्याने मराठीपण रतीभर कमी होत नाही. आणि तितक्याच जोराने मी सरकारला सांगते, की ज्या तालुक्यात निम्म्याअधिक बायाबापड्या मराठीत कण्हतात, तिथल्या गाडीत मराठी कळणारे माणूस असणे हा कोणावर उपकार नाही, ती उपचाराची पहिली पायरी आहे. सीमेवरच्या गावातून १०८ लावला की फोन कधी पलीकडच्या राज्याच्या केंद्रात जातो आणि भलत्याच भाषेत ‘तालुका कोणता’ असे विचारणे सुरू होते. त्या दोन मिनिटांत मोडतो तो गरीब. आमचा द्वैभाषिक पोरगा हे दोन्ही टोकांना सांधू शकतो. हे त्याचे सर्वांत मोठे भांडवल आहे आणि आपण ते त्याला कमीपणा म्हणून शिकवत आलो.

कोणी म्हणेल, सिस्टर, एवढे सगळे ऐकल्यावर कोण जाईल? तुम्ही पोरांना घाबरवता आहात.

घाबरणारा आधीच घाबरलेला बरा. गाडीत बसल्यावर घाबरला तर त्याची किंमत तिसरा माणूस देतो. आणि माझा अनुभव असा की खरे सांगितल्याने चांगली पोरे पळत नाहीत. मी निवृत्तीनंतर प्रथमोपचाराचे वर्ग घेते. तिथे जी मुले ‘रक्त कसे दिसते’ असे विचारतात ती बहुधा येत नाहीत. जी विचारतात, ‘रुग्णाच्या आईला काय सांगायचं?’ ती येतात आणि टिकतात. स्वच्छतेचा ज्याला कंटाळा नाही, लिहायला जो कंटाळत नाही, शिव्या खाऊन जो उलट बोलत नाही, रिकामा वेळ ज्याला खायला उठत नाही, ज्याच्या पाठीत बळ आहे आणि जिभेवर गोडवा आहे, त्याने जरूर जावे. घरात दुसरा पगार असेल तर उत्तम. नसेल तर पहिली दोन वर्षे कर्ज काढू नये, एवढेच पथ्य. त्याला समाधान मिळेल, पण ते पाटीवरचे नसेल. घाटाच्या वळणावर घाबरलेल्या बाळंतिणीचा हात धरून तिला पोचेपर्यंत बोलते ठेवणे, यातले समाधान असेल. जगलेला रुग्ण त्याला परत कधी दिसणार नाही, नाव आठवणार नाही. ज्याला याने चालते, तो या कामाचा माणूस.

राहता राहिलो आपण, म्हणजे बाकीचे. दरवर्षी गणेशोत्सवात एखाद्या १०८च्या मुलाला मंचावर बोलावून शाल घालणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, पुढच्या वर्षी शाल राहू द्या. त्या पैशांत छाती दाबायला शिकण्याचा पुतळा आणा आणि गल्लीतल्या वीस जणांना शिकवा. गाडी येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यांची असतात. ती तुम्ही वापरलीत तरच मागून येणाऱ्या पोराला वाचवायला काही उरते. खडेबाजारात सायरन वाजला की स्कूटर बाजूला घ्या. वाट न देणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद असा कायदा आहे, पण कायद्याची भीती नसली तरी घ्या. आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि पतपेढ्यांनी दरवर्षी दोन मुलांना, त्यांत एक मुलगी, पदवीच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे सहा महिन्यांच्या कागदामागे धावायची पाळी त्यांच्यावर येणार नाही. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही भाषेचा असो, एकच प्रश्न विचारावा, “आमच्या तालुक्यातल्या १०८च्या पोरांचा या महिन्याचा पगार झाला का?”

त्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याला म्हणावे, जाऊन विचारून ये, मग मत मागायला बस.